तीन नॉबांचा ॲम्प

मिरजेच्या आमच्या वाद्यांच्या कारखान्यात इंजिनिअर हेमांगीने गिटारचा आवाज मोठा करणारा डिजिटल ॲम्प बनवला, तेव्हा आम्ही कारागीर अक्षरशः नाचलो. आत अख्खा संगणक, बाहेर मात्र जुन्या रेडिओसारखे तीनच नॉब: आवाज, खर्ज आणि धार!

मालक गुळवणीसाहेबांनी मात्र नाक मुरडलं. "डिजिटल म्हणजे स्क्रीन हवी! माझा परदेशी ॲम्प बघ, छप्पन्न मेनू आहेत. शिकवायला खास मुंबईहून माणूस आला होता, दोन दिवस! तुझं हे खेळणं कोण घेणार?"

 हेमांगीने दोन्ही ॲम्प साहेबांसमोर मांडले, दोन्हींना गिटार जोडली, आवाज पुरता चढवला आणि तारांवर सण्णकन हात मारला.

खिडक्या थरथरल्या! दोन्ही ॲम्प किंचाळू लागले. साहेबांनी एका हाताने कान दाबला आणि दुसऱ्याने हेमांगीच्या ॲम्पचा नॉब गर्रकन फिरवला. तो गप्प झाला. मग ते स्वतःच्या ॲम्पवर बोटं आपटू लागले. मेनूमागून मेनू उघडले, आवाज कमी करायची सोय काही सापडेना. शेवटी स्क्रीनने विचारलं, कोणती भाषा हवी?

हेमांगीने त्याची वायर उपटली.

"साहेब, माझा नॉब फिरवायला तुम्हाला कुणी शिकवलं?"