गार लागलेली लस

मेंढ्यांच्या लशी घेऊन एक गाडी रानोमाळ फिरायची, तेव्हाची गोष्ट. गाडीत फ्रीज होता, त्याला चालवणारी बॅटरी होती. गाडी उभी राहिली, तरी कौतुकाचा हावरा फ्रीज ड्रायव्हरच्या पाण्याचा बर्फ करत बसला.

"अरे, इंजिन बंद आहे. मी संपले तर लशी नासतील," बॅटरी म्हणाली.

"गप गं, रडतोंडे!"

दुपारी बॅटरी संपली, लशी कोमट झाल्या. संध्याकाळी गाडी सुरू झाली, तशी बॅटरी भरू लागली, फ्रीज पुन्हा गार.

"लशी नासल्यात, आता तरी गुरांच्या डॉक्टरांना सांग," बॅटरी म्हणाली.

"कशाला? कुणाला कळतंय!"

डॉक्टरांनी कुपी चाचपली, गार लागली, ठकूबाई धनगरणीच्या मेंढ्यांना टोचली.

महिन्याभरात रोग आला. मेंढवाडा रिकामा झाला.

"डॉक्टर, लस तर गार हुती न्हवं?" ठकूबाईनं विचारलं.

फ्रीज गुरगुरत राहिला. बोलला नाही मेला.