बारा दुकानांची एक चूल

एका पेठेत बारा लहान दुकानं होती. डोंगराच्या पायथ्याशी, देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना ती मांडलेली. कुणी बांगड्या विकी, कुणी सुपं-टोपल्या, कुणी फुटाणे, कुणी पेढे. दुकानं लहान, पण माणसं नेकीची. सकाळी फळ्या काढल्या की आधी देवळाच्या कळसाला हात जोडायचे, मग शेजाऱ्याला रामराम करायचा, आणि मग गिऱ्हाइकाकडे बघायचं, अशी तिथली रीत.

या बारा दुकानांचं एक मंडळ होतं. मंडळ म्हणजे काही फार मोठं नव्हे. पालखीच्या दिवशी रस्ता कुणी झाडायचा, सडा कुणी घालायचा, फुटाण्यांच्या भट्टीचा धूर शिंप्याच्या नव्या कापडावर जाऊ नये म्हणून कुणी कुठे बसायचं, एवढंच ते ठरवी. मंडळाची प्रमुख होती सगुणा कासारीण. गुरुवार, शुक्रवार, चतुर्थी, तिने एकही व्रत कधी चुकवलं नव्हतं. लेकीसुनांच्या हातात बांगड्या भरताना ती हात इतका हळू दाबायची, की बांगडी मनगटावर कधी आली ते कळायचंही नाही. पेठेतली भांडणंही ती तशीच मिटवायची.

गावाच्या वरच्या अंगाला एक औषधछत्र होतं. अन्नछत्रात जसं भुकेल्याला जेवण, तसं इथे आजाऱ्याला वैद्य, काढा आणि निजायला खाट. त्याची पद्धत अशी: संक्रांतीला प्रत्येक घराने आपल्या वाट्याचं धान्य छत्राच्या कोठारात घालायचं. मग वर्षभरात त्या घरातलं कुणीही आजारी पडो, छत्र त्याला सांभाळणार. अशा घराच्या दारावर तांब्याची पट्टी लागे. मोठ्या व्यापाऱ्यांच्या, सराफांच्या घरी पन्नास-पन्नास पानांची पंगत उठायची. त्यांच्या दारांवर त्या पट्ट्या उन्हात झळकायच्या.

आणि त्या पट्ट्या ठोकून कोण देई? आपल्या बारा दुकानांतला नारोबा तांबट. त्याच्या स्वतःच्या दारावर मात्र पट्टी सोडा, पट्टीसाठी खिळासुद्धा नव्हता.

नारोबाच्या हातोड्याच्या ठोक्यावर पेठेचा दिवस चाले. ठोके सुरू झाले की बायका म्हणत, "उठा गं, तांबट लागला कामाला." पण त्या वर्षी दिवाळी सरली, थंडी पडली, आणि एका सकाळी ठोके सुरूच झाले नाहीत. भट्टीचा धूर वर्षानुवर्षं छातीत साठलेला. नारोबा नुसता खोकत होता, आणि त्याची बायको ठकू पाठीवरून हात फिरवत बसली होती.

नारोबा काठी टेकत छत्रावर गेला. तिथल्या कारभाऱ्याने त्याला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "घरात पानं किती?"

"दोन. मी आणि माझी बायको."

कारभारी काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "नारोबा, तुझ्या हातच्या पट्ट्या मी रोज बघतो. पण दोन माणसांच्या घरातला एक आधीच आजारी! छत्र चालायचं कसं? मोठ्या घरात एक आजारी असला, तर बाकीचे धडधाकट असतात. तिथे जमून जातं. तुझं नाही जमायचं."

नारोबा परत आला. पेठेतल्या सगळ्यांनी त्याला घेरलं. त्याने खोकत खोकत हसून सांगितलं, "मला म्हणाले, आधी बरा हो, मग औषधाला ये!"

कुणी हसलं नाही. हळूहळू एकेकाचं तोंड उघडलं. फुटाणेवाला म्हणाला, "मलाही परत पाठवलं होतं. म्हणे, भट्टीपाशी बसतोस, उद्या भाजून येशील." बुरडीण म्हणाली, "मला तर म्हणाले, आजी, तुमचं आता वय झालं. जसं काही मला माहीतच नव्हतं!" पेढेवाला मोतीरामही गेला होता. त्याची लहान लेक चिमी वरचेवर तापाने फणफणायची. त्यालाही नाही म्हटलं होतं.

सगुणाबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि यातलं कुणीच कुणाला बोललं नाही! एकेकटे गेलात, म्हणून एकेकटे परत आलात. उद्या मंडळ जाईल."

दुसऱ्या दिवशी बाराही दुकानांच्या फळ्या बंद. सगळी पेठ छत्राच्या अंगणात उभी राहिली.

"कारभारीबुवा," सगुणाबाई म्हणाली, "तुम्हाला मोठं घर लागतं ना? हे बघा, आणलं."

कारभाऱ्याला हसू आलं. "बाई, हे घर? ही बारा दुकानं. गिऱ्हाईक आलं की बारा जण बारा बाजूंनी हाका मारता तुम्ही! एका चुलीवर जेवतं ते घर. छत्राचा नियमच आहे तो."

"मग जेवू एका चुलीवर."

"एक दिवस कुणीही जेवेल. महिनाभर जेवून दाखवा. मार्गशीर्षाच्या शेवटच्या गुरुवारी मी स्वतः पंगतीला येईन. मला घर दिसलं, तर पट्टी देईन."

मार्गशीर्ष दुसऱ्याच दिवशी लागत होता. सगुणाबाई देवीपुढे बसली आणि म्हणाली, "आई, दर वर्षी तुझं व्रत मी माझ्या घरासाठी करते. यंदा घर जरा मोठं झालंय. सांभाळून घे."

देवळामागच्या ओट्यावर मोठी चूल मांडली. कुणी लाकडं आणली, कुणी डाळ, कुणी तांदूळ. आमटीला उकळी फुटली. पण दुकानदाराची सवय कशी जाणार? स्वतः चाखल्याशिवाय कुणाला विश्वास नाही. जो तो येता-जाता झाकण उघडी, चाखी, "जरा अळणीच आहे," असं मनाशी म्हणे आणि चिमूटभर मीठ टाकून पुढे जाई. पंगत बसली. पहिला घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं एकदम वाकडी झाली.

नारोबा म्हणाला, "या आमटीत बाराही दुकानं आहेत बरं का. एकही कमी नाही!"

तेव्हा मात्र हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मंडळाने ठरवलं, मिठाला हात एकाचाच लागेल. तो कुणाचा? मोतीराम पेढेवाल्याचा, कारण त्याच्या हाताला प्रमाण होतं. आमटीत मीठ तोच घालणार, आणि पंगतीत पानावर पहिलं मीठही तोच वाढणार.

दिवस जात राहिले. रोज काही ना काही कुरबूर व्हायचीच. शिंप्याला तिखट चालेना, फुटाणेवाल्याला तिखटाशिवाय घास उतरेना. भाकरी जाड की पातळ, यावरून दोघीजणी एक दिवस अबोल राहिल्या. पण संध्याकाळी पंगतीला सगळे यायचे. नारोबाला धूर लागू नये म्हणून त्याचं पान वाऱ्याच्या वरच्या बाजूला मांडायचे, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपोआपच ते तसं मांडलं जाऊ लागलं. ठकू भाकरी थापता थापता ते बघायची आणि पदराने डोळे पुसायची. विचारलं तर म्हणायची, "धूर गेला."

शेवटचा गुरुवार आला. व्रताचं उद्यापन. चुलीभोवती रांगोळी, खिरीचा वास पार रस्त्यापर्यंत. सगुणाबाईला दिवसभराचा उपास होता, तो ती पंगतीतच सोडणार होती.

कारभारी जरा लवकरच आला. सगळं न्याहाळलं, खूश झाला. मग मोतीरामला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "घर जमलंय खरं. पण छत्र चालवणारी माझ्या वरची माणसं मला विचारतील, हा खोकणारा तांबट कशाला घेतला? तो आत्ता धरला तर उद्याच खाट अडवणार. त्याचं एक पान कमी असतं ना, तर मी बाकीच्यांना या क्षणी पट्टी दिली असती. तुम्हीच बघा काय ते."

मोतीरामच्या डोळ्यांपुढे चिमी आली, तापलेली, पाणी मागणारी. नारोबा तर म्हाताराच आहे, त्याला वाटलं. एक बाहेर राहिला तर बाकी सगळे आत येतात. यात वाईट काय?

पंगत बसली. कारभारी पाहुण्यांच्या पाटावर. मोतीराम मिठाचं वाडगं घेऊन निघाला. एकेका पानावर मीठ पडत गेलं. शिंप्याच्या, बुरडिणीच्या, फुटाणेवाल्याच्या. नारोबाच्या पानापाशी मात्र त्याचा हात थांबला. मान खाली घालून तो पुढच्या पानाकडे वळला.

नारोबाने आपल्या रिकाम्या पानाकडे पाहिलं. मग कारभाऱ्याकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं. काठीला हात घालत तो उठला. "मला जरा भूक नाही आज," तो म्हणाला. "तुम्ही जेवून घ्या. माझ्यासाठी अन्न थांबवू नका." ठकूही हातातलं पीठ झाडून उठली, आणि दोघं देवळाच्या पायऱ्या उतरू लागली.

भात वाढून झाला, आमटी झाली, खीर झाली. सगुणाबाईने मात्र घास उचललाच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती स्वस्थ बसली. तिला पाहून बुरडिणीने हात मागे घेतला. मग शिंप्याने. मग सगळ्या पंगतीने. पानांवरची वाफ तेवढी हलत होती.

कारभाऱ्याचा हात भातावर गेलेला, तो तिथेच अडला. "हे काय? जेवत का नाही कुणी?"

"घरातलं माणूस पानावरून उठून गेलं, तर घर जेवतं का हो, कारभारीबुवा?" सगुणाबाई शांतपणे म्हणाली.

"अहो, पण बाई, तुमचा दिवसभराचा उपास!"

"मग आणखी थोडा वेळ. देवी रागावणार नाही. मी असं जेवले, तर रागावेल."

कारभारी गडबडला. "मी तुमच्याच भल्याचं सांगत होतो. आजाऱ्याला बाहेर ठेवलं, तर बाकीच्यांचं भलं होतं."

"थोरल्या सराफांचे काका खाटेवरच असतात. तुमचा वैद्य रोज त्यांना बघायला जातो. देव त्यांना आयुष्य देवो. पण त्यांचं पान कधी कुणी उचलायला सांगितलं का? नाही ना? कारण ते घरातले. तुम्हीच आम्हाला म्हणालात, मोठ्या घरात एक आजारी आणि बाकीचे धडधाकट, तिथे जमतं. बघा की आमच्याकडे! एक नारोबा खोकतो आणि बाकीचे सगळे त्याच्यासाठी धान्य घालायला तयार आहेत. उद्या मी पडेन, तेव्हा तोही घालेल. हे घर नाही, तर घर कशाला म्हणायचं?"

तेवढ्यात मिठाचं वाडगं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मोतीराम धावत पायऱ्या उतरला. त्याने नारोबाचा हात धरला. "काका, चला," तो म्हणाला. "चला, माझं चुकलं."

"अरे, मला खरंच भूक नाही."

"मला आहे. आणि तुम्ही आल्याशिवाय मला कुणी जेवू देणार नाही!"

नारोबा परत येऊन पानावर बसला. मोतीरामने मीठ वाढलं. पुन्हा पुन्हा चिमूट सोडली, आणि पानाच्या कोपऱ्यात ढीगच पडला. नारोबाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मोतीराम, पहिल्या दिवसाची आमटी परत करायचा विचार आहे वाटतं?"

सगळी पंगत हसली. कारभारीही हसला. "मी घर बघायला आलो होतो," तो म्हणाला, "आणि घरातलं माणूस उठवायला निघालो होतो. बाई, तुमच्या घराला पट्टी दिली. वर काय सांगायचं ते मी सांगेन. फक्त एक अडचण आहे. पट्टी ठोकायची तर तांबटाला आधी बरं करायला हवं!"

संक्रांतीला सगळ्यांचं धान्य एका गाडीत छत्रावर गेलं, आणि त्याच गाडीत नारोबाही गेला. वैद्याने त्याला महिनाभर ठेवून घेतलं. छाती अगदी पूर्वीसारखी झाली नाही, पण श्वास मोकळा झाला. एका सकाळी पेठेत हातोड्याचा ठोका ऐकू आला. हळू, थांबत थांबत, पण ऐकू आला. नारोबा आपल्या घरची पट्टी ठोकत होता. ती कुणा एकाच्या दारावर लागली नाही. देवळामागच्या चुलीजवळच्या खांबाला लागली.

पुढच्या पावसाळ्यात चिमीला ताप चढला. मोतीराम तिला खांद्यावर टाकून छत्रावर धावला. दारावरच्या माणसाने विचारलं, "कोणत्या घरचे?" मोतीराम म्हणाला, "एका चुलीच्या घरचे." माणसाने मुकाट्याने दार उघडलं. आत काढा प्यायला आलेला नारोबा होता. चिमीचा ताप उतरेपर्यंत तो तिच्या उशाशी वारा घालत बसला. तिथून उठ म्हटलं तरी उठला नाही.

मंडळाने तो मार्गशीर्षाचा वसा पुढे कधी सोडला नाही. दुसऱ्या वर्षी पेठेत तेरावं दुकान आलं, गोधड्या शिवणाऱ्या एका बाईचं. एक पाय अधू, वरचेवर अंगही दुखायचं. पंगतीत कुणीतरी कुजबुजलं, "हिचं दुखणं फार दिसतं. घ्यायचं का हिला?"

मोतीराम मिठाचं वाडगं घेऊन चालत होता. ते त्याने ऐकलं. नवं पान त्याने स्वतःच्या हाताने मांडलं, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, नारोबाच्या शेजारी. आणि सगळ्यांच्या आधी त्या पानावर मीठ वाढलं. या वेळी त्याचा हात थांबला नाही.

त्या पेठेच्या चुलीवर जशी देवीची कृपा झाली, तशी ती ऐकणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या चुलीवरही राहो, कुणाच्याही घरचं पान दुखण्यापायी रिकामं न राहो.

तात्पर्य: एकट्याला जे दार बंद असतं, ते सगळे मिळून गेले की उघडतं, पण 'सगळे' म्हणताना ज्याला दुखतंय त्याला आधी धरावं.