चारशे शाळांचं ‘नाही’

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा राजे होते आणि राजाच्या एका शब्दाशिवाय पान हलत नव्हतं, एवढं कळलं तरी पुरे. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. आणि मोठ्यांनो, गोष्ट लहानांसाठी आहे असं समजून डुलक्या काढू नका.

त्या राज्यात डोंगराच्या कुशीत एक वाडी होती आणि वाडीला एक शाळा होती. शाळेच्या प्रमुख म्हणजे एक बाई. शिकवणाऱ्या त्याच, घंटा बडवणाऱ्या त्याच, आणि शाळा सुटली की दाराला कडी घालणाऱ्याही त्याच. सगळी वाडी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायची, म्हणून आपणही बाईच म्हणू.

वाडी आणि शाळा ह्यांच्या मधे एक खोल ओढा होता. त्यावर लाकडी साकव होता, म्हणजे फळ्या टाकून केलेला अरुंद पूल. तो साकव पार कुजला होता. एके सकाळी दुसरीतल्या एका पोरीचा पाय फळीतून आरपार गेला आणि ती काखेपर्यंत खाली लोंबकळत राहिली. खाली नुसते खडक. बाईंनी दोन्ही दंडांना धरून तिला वर खेचलं. पोरीला फारसं लागलं नाही.

त्या दिवसापासून बाई रोज वाडीच्या बाजूला उभ्या राहू लागल्या. एकेका पोराला हाताला धरायचं, नेमकी कोणती फळी धड आहे ते पायाने चाचपायचं, पोराला पलीकडे सोडायचं आणि परत यायचं. पोरं होती एकतीस. पाढे सुरू व्हायच्या आधीच बाई मेटाकुटीला आलेल्या असत. आणि पावसाळा दीड महिन्यावर आला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग दुरुस्त का नाही केला साकव? अहो, करायला काय लागत होतं? सागाची दोन झाडं आणि गावकऱ्यांचे हात. हात तयार होते. झाडंही समोरच उभी होती. पण रान राजाचं! राजाच्या तोंडून ‘तोडा’ असा शब्द निघाल्याशिवाय तिथल्या फांदीलाही कोयता लावायची सोय नव्हती. बाईंनी कचेरीत तीनदा अर्ज धाडला आणि तीनदा एकच उत्तर आलं: शाळेचं गाऱ्हाणं शाळाप्रमुखांच्या संमेलनात मांडावं.

हे संमेलन दर वर्षी राजधानीत तीन दिवस भरे. बाई आजवर कधी गेल्या नव्हत्या, कारण मागे शाळा कोण बघणार? ह्या वेळी मात्र त्यांनी शाळा आठवडाभर बंद ठेवली, एकही पोर साकवाकडे फिरकता कामा नये असं घरोघरी बजावलं, भाकरी-चटणी फडक्यात बांधली आणि दोन दिवस चालत त्या राजधानीला पोचल्या. शाळा कशी चालवावी हे ऐकायला शाळा बंद करून जायचं, ह्यातली गंमत वाटेतच त्यांच्या ध्यानात आली होती. पण हसू काही आलं नाही.

सभागृहाच्या दारावर कार्यक्रमपत्रिका टांगलेली होती. वर मोठ्या अक्षरांत प्रमुख वक्त्यांची नावं, त्यांच्या पदव्या, त्यांच्या पदव्यांच्या पदव्या. आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, दर दिवसाच्या शेवटी ‘शाळांची गाऱ्हाणी’. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या दिवशी दिवा लावण्यातच अर्धी सकाळ गेली. मग वक्त्यांची ओळख करून देणारे गृहस्थ उठले. पण त्याआधी त्या गृहस्थांची ओळख करून देणारे दुसरे गृहस्थ उठले. शेवटी एकदाचे प्रमुख वक्ते बोलायला लागले. ते होते सेनापती. त्यांनी सात किल्ले कसे सर केले ते सांगितलं आणि शाळाही तशीच सर करावी असं बजावलं. ह्यात मुलं म्हणजे आपली फौज की शत्रूची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

इथे ह्या गुरुजींची आणि बायांची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्यांनी वर्गात विचारलेलं असतं, ‘समजलं का?’ आणि समोरून सूर आलेला असतो, ‘होऽऽ’. त्यांनी विचारलेलं असतं, ‘कुणाला काही शंका?’ आणि सूर आलेला असतो, ‘नाऽऽही’. तो सूर त्यांच्या अंगात इतका मुरलेला असतो की स्वतः सतरंजीवर बसायची वेळ आली की तोच त्यांच्याही तोंडून निघतो. सेनापती ‘आपल्याला काय हवी? शि...’ असं म्हणून थांबले रे थांबले की चारशे माणसं ‘...स्त’ म्हणून मोकळी होत होती. चारशे शाळांचे प्रमुख, बरं का. कुणी साधे नव्हेत.

संध्याकाळी प्रधानजी उठले. जांभई दाबत त्यांनी विचारलं, “कुणाचं काही गाऱ्हाणं?”

“नाऽऽही,” सभागृह एका सुरात म्हणालं.

बाई अर्ध्या उठल्या होत्या. तोंडही उघडलं होतं. पण त्या आवाजात त्यांचा आवाज कुठल्या कुठे बुडाला. चिटणिसाने ‘गाऱ्हाणं नाही’ असं लिहिलं, कागदाची घडी घातली आणि सगळे जेवायला उठले.

पंगतीत बाईंच्या शेजारी समुद्रकाठच्या एका गावचे गुरुजी बसले होते. बोलता बोलता कळलं की त्यांच्या शाळेचं छप्पर वादळात उडून तीन वर्षं झाली. तेव्हापासून मुलं देवळाच्या ओसरीवर बसतात आणि देवळात लग्न असलं की झाडाखाली.

बाईंनी घास खाली ठेवला. “मग मघाशी तुम्ही ‘नाही’ का म्हणालात?”

गुरुजींनी बराच विचार केला. “सगळे म्हणाले,” ते म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सतरंज्यांमधून हिंडल्या. ज्याला त्याला विचारून बघितलं. कुठे फळा नव्हता, कुठे तीन वर्गांना मिळून एक खोली होती, कुठे प्यायचं पाणी पोरं घरून तांब्यात आणत होती. बाईंनी प्रत्येकाला हात जोडून सांगितलं की आज तेवढं ‘नाही’ म्हणू नका, उठून बोला. प्रत्येकाला पटलं. इतकं पटलं की सगळे ‘होऽऽ’ म्हणाले. तेव्हाच बाईंनी काय ते ओळखलं.

त्या दिवशीचे प्रमुख वक्ते एक योगी होते. बारा वर्षं गुहेत एकटे राहिलेले, आणि विषय होता ‘मुलांचा घोळका कसा सांभाळावा’. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. बाईंनी घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मिटल्या डोळ्यांपुढे कुजक्या फळ्या काही हलेनात. संध्याकाळी प्रधानजींनी विचारलं आणि सभागृह म्हणालं, “नाऽऽही.” समुद्रकाठच्या गुरुजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली, पण चिटणिसाचं लिहून झालं होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी साक्षात राजा आला. सूर्य मावळला की तो देवळात जायचा. हा त्याचा नेम कधी चुकला नव्हता. म्हणजे बाईंच्या हातात उजेड होता तेवढाच वेळ होता. आणि त्या दिवशीचे वक्ते होते राज्यातले सर्वांत थोर शास्त्रीबुवा. विषय काय म्हणाल? ‘ऐकून घेण्याची कला’.

बुवा सकाळी सुरू झाले. दुपारी त्यांनी ‘शेवटचा मुद्दा’ म्हटलं. त्यानंतर ‘शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा मुद्दा’ आला. मग ‘जाता जाता’ आलं, आणि जाता जाता बुवा कुठेच जाईनात. राजाने दोनदा पश्चिमेच्या खिडकीकडे पाहिलं. उन्हाचा पट्टा खांबावर चढत चढत पार वर पोचला होता. बाई त्या पट्ट्याकडे बघत होत्या आणि महिन्याभराने ओढ्याला येणारं पाणी त्यांना दिसत होतं. ह्यांना काही वाटतं की नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग त्या सरळ उभ्या राहिल्या.

बुवा थांबले. “बसून घ्या बाई,” ते मायेने म्हणाले. “शंका शेवटी.”

“शेवट मी दोन दिवस पाहिला, बुवा. म्हणून आत्ताच उठले,” बाई म्हणाल्या आणि राजाकडे वळल्या. “महाराज, माझ्या शाळेच्या वाटेवरचा साकव कुजलाय. पोरगी मरता मरता वाचली. सागाची दोन झाडं तोडायचा हुकूम द्या. एवढं बोलायला मी दोन दिवस चालत आले आणि तीन दिवस गप्प बसले.”

राजा म्हणाला, “तोडा.”

बस्स. झालं काम. एवढ्याशा शब्दासाठी काय हा खटाटोप!

पण राजाच्या कपाळावर आठी पडली होती. दर वर्षी मला लिहून येतं की कुणाचं गाऱ्हाणं नाही, असं त्याने प्रधानजींना ऐकवलं. मग तो सभागृहाकडे वळला आणि त्याने स्वतःच्या तोंडाने विचारलं, आणखी कुणाचं काही आहे का?

आणि चारशे माणसं काय म्हणाली असतील? बरोबर. “नाऽऽही.”

बाईंना हवं ते मिळालं होतं. त्या वळकटी उचलून तडक घरची वाट धरत्या, तरी त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं. पण तीन दिवसांचा वैताग घशाशी आला होता. त्या सभागृहाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि वर्गातला आपला ठेवणीतला आवाज त्यांनी काढला.

“आता कुणी तोंड उघडायचं नाही. ज्याच्या शाळेत काही कमी आहे, त्यानं नुसता हात वर करायचा.”

ह्या आवाजापुढे कुणाचं काय चालतंय? आधी समुद्रकाठच्या गुरुजींचा हात वर गेला. मग तीन वर्गांना एक खोली असलेल्यांचा. मग इकडून एक, तिकडून एक, आणि बघता बघता पुढच्या रांगेपासून भिंतीपर्यंत हातच हात. प्रधानजी मोजायला लागले होते, ते मधेच थांबले. चिटणिसाने दौतीचं झाकण लावलं होतं, ते पुन्हा काढलं.

राजा कितीतरी वेळ त्या हातांकडे बघत राहिला. बाहेर सूर्य मावळला. पुजाऱ्याचा निरोप आला, तेव्हा राजाने आज देवाला थोडं थांबावं लागेल असं सांगून पाठवलं. संमेलन आणखी दोन दिवस चाललं, आणि त्या दोन दिवसांत एकही भाषण झालं नाही. एकेक गुरुजी, एकेक बाई पुढे येत आणि आपल्या शाळेचं सांगत. राजा ऐके आणि चिटणीस लिही.

बाई मात्र हुकमाचा कागद घेऊन दुसऱ्याच दिवशी पहाटे निघाल्या. पावसाआधी आठ दिवस साकव उभा राहिला. पोरं त्यावरून पळत शाळेत आली तेव्हा बाई त्यांना पळू नका म्हणून ओरडल्या, पण ते सवयीनेच.

पुढच्या वर्षी प्रमुख वक्त्यांना निमंत्रणं गेली, त्यांत राजाने एक अट घातली. आधी दोन दिवस खाली सतरंजीवर बसून शाळांची गाऱ्हाणी ऐकायची. तिसऱ्या दिवशी बोलायचं. सेनापतींना नेमकी त्याच आठवड्यात लढाई निघाली. योगी पुन्हा गुहेत गेले. आले ते एकटे शास्त्रीबुवा, काखेत भाषणाच्या कागदांचा गठ्ठा घेऊन.

पहिल्या सकाळी बुवांनी चारदा मधे तोंड घातलं आणि चारदा ह्याही वर्षी आलेल्या आपल्या बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुपारनंतर ते गप्प झाले. एकाच खोलीत तीन वर्ग एकमेकांकडे पाठ करून कसे बसवतात, ते त्यांनी ऐकलं. तापलेलं तान्हं पोर मांडीवर घेऊन पाढे घेणाऱ्या दुसऱ्या एका बाईंचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगत होतं की उपाशी आलेल्या पोराला शुद्धलेखन लिहायला लावायचं जिवावर येतं, आणि तेव्हा बुवा उपरण्याने डोळे पुसत होते.

तिसऱ्या दिवशी ते व्यासपीठावर चढले. कागदांचा गठ्ठा सोडला, चाळला आणि पुन्हा बांधून ठेवला.

“तीस वर्षं मी शाळांवर बोलतोय,” ते म्हणाले. “तुम्ही दोन दिवस जे सांगितलंत, त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.”

एवढं बोलून ते खाली आले आणि सतरंजीवर आपल्या जागी जाऊन बसले. सभागृहात कुणी ‘होऽऽ’ म्हणालं नाही, कुणी ‘नाऽऽही’ म्हणालं नाही. आता ह्या माणसाचं भाषण ऐकायला हरकत नाही, असं बाईंना पहिल्यांदाच वाटलं.

तर मंडळी, बोध एवढाच: ज्याला दुसऱ्याला शहाणं करायचं आहे, त्याने आधी त्याचं गाऱ्हाणं ऐकावं, आणि ज्याचं गाऱ्हाणं आहे, त्याने सवयीने ‘नाही’ म्हणू नये.