वाकड्या देवदारांचं बी

फार फार जुनी गोष्ट आहे, पण आजही सांगताना माझं डोकं तडकतं. ऐका.

डोंगराळ मुलखात एक राजा होता. त्याच्या राज्यात दोन डोंगर, आणि दोन्हींवर देवदार. दक्षिणेच्या उबदार डोंगरावरचे देवदार उंच, सरळसोट. उत्तरेच्या डोंगरावरचे बुटके, वाकडे. पिढ्यान् पिढ्या बर्फाचं ओझं पेलून तसेच घडलेले. त्यांच्या आडोशाला खाली एक गाव सुखानं नांदत होतं.

गावात एक रीत होती. झाड पडलं, की त्या जागी त्याच डोंगराचं बी लावायचं, बाहेरचं नाही. बियांचं मडकं गावची राखणदारीण सांभाळायची.

राजाला महालासाठी खांब हवे होते. उत्तरेचा डोंगर पाहून त्यानं नाक मुरडलं. "ही कसली खुरटी झाडं? सगळी तोडा! दक्षिणेचं बी लावा. माझ्या राज्यात देवदार एकाच जातीचा हवा, सरळ!"

राखणदारीण दरबारात धावली. "महाराज, बर्फ कसा झेलायचा ते आमच्या झाडांच्या बियांतच उतरलंय. दक्षिणेच्या झाडांत ते कुठून येणार? गाव गाडलं जाईल!"

"देवदार तो देवदार," प्रधान हसला. "बाई, तुला काय कळतं?"

जळलं मेलं ते शहाणपण! शिपायांनी डोंगर बोडका केला. एवढ्यावर भागलं नाही, तर तिचं मडकंही चुलीत रिकामं केलं.

नवी झाडं ताठ वाढली. वीस हिवाळे सौम्य गेले, अन् प्रधान मिशांना पीळ देत फिरला. एकविसाव्या हिवाळ्यात मात्र बर्फ असा कोसळला, की सरळ झाडं काडकाड मोडली. त्यांच्यामागून बर्फाचा लोंढा सुटला आणि चाळीस घरं गाडली गेली.

राजा धावत आला. राखणदारीण हातांनी बर्फ उकरत होती. तिच्यापुढे त्यानं हात जोडले. "बाई, तुझ्या वाकड्या झाडांचं बी दे. मागशील ते देतो."

"कुठलं बी? तुमच्याच माणसांनी भाजलं ना ते!" ती कडाडली. "इथं खाली माझी लेक आहे. हात कसले जोडता? फावडं घ्या!"

राजानं फावडं घेतलं. संध्याकाळी लेक सापडली, पण श्वास थांबलेला होता. आणि ते बी तर पुन्हा कुणालाच, कधीच सापडलं नाही.

म्हणून सांगते, ज्या मातीत जे घडलं त्याला वाकडं म्हणून उपटू नका. बुडालेला वंश राजाच्या हुकमानंही उगवत नाही.