साम्पागितेची माळ

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे माडवेळ नावाचे लहानसे गाव आहे. श्रीबेलनाथ महाराज उत्तर आयुष्यात अकरा वर्षे त्या गावी राहिले. झावळ्यांनी शाकारलेली एक खोली आणि पुढे सारवलेली ओटी, एवढाच त्यांचा मठ. दुपार कलली की माणसे येऊन बसत. कुणी अभंग म्हणे, कुणी आपले दुखणे सांगे. महाराज ऐकत.

गावातला दामोदर पालशेतकर मालवाहू जहाजावर खलाशी होता. त्याने मनिलाच्या एका मुलीशी लग्न केले आणि तिला घरी आणले. तिचे नाव रेमेदिओस. सासूच्या जिभेला ते पेलेना, म्हणून ती सुनेला रेमा म्हणू लागली आणि मग साऱ्या गावाचीच ती रेमा झाली. परसातला मोगरा पाहून ही मुलगी पहिल्याच दिवशी रडली होती. तिच्या देशात या फुलाला साम्पागिता म्हणतात. चर्चच्या दारात त्याच्याच माळा विकून तिच्या आईने मुले वाढवली होती.

तिकडे माळ सुईदोऱ्याने ओवतात. सासूने तिला केळीच्या सोपात, म्हणजे सालीच्या धाग्यात, मध्ये मध्ये मरव्याचा सुवासिक पाला घालून माळ बांधायला शिकवले. तशी माळ घेऊन रेमा रोज मठात येई आणि महाराजांना घाली.

हे गावचे पोस्टमास्तर त्र्यंबकराव गणपुले यांना खपत नसे. गावात इंग्रजी वाचणारे ते एकटेच होते, आणि आता इंग्रजी येणारी ही रेमा आली होती. एकदा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काल तिकडे मारियेला हार घालत होती, आज महाराजांना घालते. हिला त्यातलं कळतं काय?"

रेमाचे हात जागीच थांबले.

महाराज म्हणाले, "रेमा, तुमच्याकडे ही माळ कुणाला घालतात गं?"

ती मोडक्या मराठीत म्हणाली, "देवाच्या मूर्तीला. लांबून पावणा आला, त्याला. शाळेत पहिला आला, त्या मुलाला पण. फूल लहान आहे, पण मान मोठा." जरा थांबून ती म्हणाली, "आमचे म्हातारे सांगतात, नावात अर्थ आहे. सुम्पा किता. म्हणजे, मी तुला वचन देते."

महाराजांनी मान पुढे केली. "मग घाल बाळ."

पुढे वैशाखातल्या एका गुरुवारी तार आली. आईने अन्न सोडले आहे, निघून ये, असे भावाने कळवले होते. दामोदर दूर समुद्रावर होता आणि रेमाला सातवा महिना चालू होता. मनिलाहून निघताना तिने आईला शब्द दिला होता, "तू बोलावशील तेव्हा मी येईन." आई बोलावत होती, आणि जायला वाट नव्हती.

माळ हातात घेऊन ती सासूबरोबर मठात आली. "महाराज, माझं वचन मोडलं," एवढेच तिला बोलता आले.

महाराजांनी त्या दिवशी माळ गळ्यात घालून घेतली नाही. "आज ही माझी नव्हे," असे म्हणत त्यांनी ती झोळीत ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतले. दिवेलागणीला ते बाहेर आले तेव्हा झोळी रिकामी होती. सासू आत दिवा ठेवायला गेली, तर खोलीत एक पाकळीसुद्धा नव्हती.

गणपुले मास्तर ओटीवरच होते. त्यांनी विचारले, "महाराज, माळ कुठे गेली?"

"पोचवली."

"कुठल्या टपालानं? माझ्या पोस्टातून तर काही गेलं नाही."

दोघेतिघे हसले. महाराजही हसले आणि म्हणाले, "पोच येईल मास्तर. ती तुम्हीच वाचा."

तीन आठवड्यांनी मनिलाहून पत्र आले. बातमी वाईटच असणार, असे मास्तरांना वाटले. खरे सांगायचे तर त्यांना त्या पोरीची दयाही आली. पोस्टमनला न देता ते स्वतःच पत्र घेऊन मठात गेले. रेमाने पाकीट हातात घेतले, पण तिला ते उघडवेना.

"तुम्ही वाचा काका," ती म्हणाली.

पत्र इंग्रजीत होते. मास्तर वाचून मराठीत सांगू लागले. "भाऊ लिहितो, आई बरी आहे. चालतेफिरते."

रेमाने सासूचा हात घट्ट धरला.

"गुरुवारी एक अनवाणी म्हातारा दारात आला. अंगावर छाटी होती. तो आपल्या इकडच्याच भाषेत म्हणाला, तुझ्या लेकीने हे पाठवलंय, ती शब्द विसरलेली नाही. आईने माळ छातीशी धरली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा पेज मागितली. मी त्या माणसाला बसवायला बाहेर गेलो, तर दारात कुणीच नव्हते."

पुढच्या ओळी मास्तरांनी फार हळू वाचल्या. "माळ सुईने ओवलेली नव्हती, केळीच्या सोपाने बांधलेली होती. तिच्यात हिरवा पाला होता. असला पाला इकडे कुणी पाहिलेला नाही. थोडा पाठवतो आहे. हे काय आहे?"

मास्तरांनी पाकीट उपडे केले. मरव्याची एक वाळलेली काडी त्यांच्या तळहातावर पडली. त्यांनी ती नाकाशी नेली. वास अजून होता.

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी फार बोललो."

"मला काय बोललात? जिला बोललात ती तिथे बसलीय," महाराज म्हणाले.

मास्तर उठले आणि रेमापुढे वाकू लागले. ती गडबडून उभी राहिली. वडीलधारा माणूस आपल्या पाया पडतो, हे तिला सोसेना. तिने त्यांचा उजवा हात वरच्यावर धरला, आपण वाकली आणि त्या हाताची मागची बाजू आपल्या कपाळाला लावली.

"हे काय गं?" सासूने विचारले.

"आमच्याकडे मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात," रेमा म्हणाली.

मास्तरांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि महाराजांनी समाधानाने डोळे मिटले.