बिळाच्या तोंडाशी आडवे शिंग

सागाच्या एका जंगलात ओढ्याच्या काठावर एक जुने बीळ होते आणि त्या बिळात साळिंदराचे एक जोडपे राहत असे. नवऱ्याला सगळे साळिंदरबुवा म्हणत आणि बायकोला साळूबाई. बुवा अंगाने भारदस्त, चालले की पाठीवरचे काटे खुळखुळ वाजत आणि बोलणेही तसेच वाजणारे. साळूबाई लहानखुऱ्या, कामापुरते बोलणाऱ्या. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता, पण तसे ते कधी बोलून दाखवत नसत. त्याऐवजी त्यांचा एक रिवाज होता. चाराच्या झाडाची फळे पिकून गळायला लागली की दिवस मावळताना दोघे बिळाबाहेर बसत. चाराची बी भलती टणक असते. तिच्या आत जी चारोळी असते, ती तुम्ही बासुंदीत खाल्ली असेल. बुवा ती बी कडकन फोडत आणि पहिली चारोळी साळूबाईंपुढे ठेवत. साळूबाई ती सावकाश चघळत आणि "यंदा गोड आहे" म्हणत. दर वर्षी एवढेच म्हणत. पण बुवा त्या वाक्याची वर्षभर वाट पाहत.

आता मुलांनो, साळिंदराच्या दातांविषयी थोडे सांगायला हवे. तुमचे पक्के दात एकदा आले की तेवढेच राहतात. साळिंदराचे पुढचे दात मात्र आपल्या नखांसारखे जन्मभर वाढत राहतात. नखे कापायला आपल्याकडे नेलकटर असते, साळिंदराकडे ते कुठून येणार? म्हणून त्याला रोज काहीतरी टणक कुरतडून दात झिजवावे लागतात. हरणांची गळून पडलेली शिंगे त्यासाठी फार चांगली. साळूबाईंनी चितळाचे असेच एक शिंग बिळाच्या तोंडाशी आडवे टाकून ठेवले होते आणि बाहेर पडताना त्या ते थोडेसे कुरतडत. बुवांच्या मात्र ते नेहमी पायात यायचे आणि ते कुरकुरत पुढे जायचे.

त्या वर्षी जंगलाच्या कडेला कुणीतरी रताळ्यांचा मळा लावला होता. मऊ, गोड रताळी! बुवांचा सगळा हिवाळा रताळ्यांवर गेला. एकदा ओढ्यावर पाणी प्यायला वाकले आणि स्थिर पाण्यात त्यांना स्वतःचे तोंड दिसले. वरचे दोन दात खालच्या ओठाच्याही खाली आले होते. बुवा घाबरले. इतके घाबरले की पाणी न पिताच घरी आले.

"अगं, हे बघ काय झालंय."

साळूबाईंनी पाहिले. "वाढलेत खरे. हे शिंग आहे की दारात. रोज थोडं चावत जा."

"हे? हे एवढंसं?" बुवांना ते पटले नाही. संकट मोठे, तर उपायही मोठा हवा, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी जंगल पालथे घालून सांबराचे एक अवाढव्य शिंग शोधून काढले आणि ते ओढत ओढत ओढ्यातल्या सपाट खडकावर नेले. तो खडक बिळापासून बराच लांब होता. पण चारी बाजूंनी सगळ्यांना दिसणारी तेवढी एकच जागा होती, आणि ती बुवांनी का निवडली हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

"आजपासून," बुवांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "मी रोज संध्याकाळी हे शिंग कुरतडणार. चांदणं पडेपर्यंत थांबणार नाही."

मग काय, जंगलात बातमी पसरली. ससे आले, तित्तिर आले, चितळांचा कळप पाणी पिता पिता थबकला. झाडावरून एक वानर शेपटी खाली सोडून बसला आणि दर थोड्या वेळाने ओरडू लागला, "होऊन जाऊ द्या, बुवा! अजून थोडं!" बुवांनी शिंगाचा असा काही भुगा पाडला की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. जबडा ठणकत होता, पण घरी येताना बुवांची मान ताठ होती. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. पुढे तर बुवा इतरांना उपदेशही करू लागले. रस्त्यात ससा भेटला तर त्याला थांबवून सांगत, "तूही काहीतरी नेम धर बाबा. निश्चय पाहिजे, निश्चय." ससे मग दुसऱ्या वाटेने जाऊ लागले.

साळूबाई हे सारे कौतुकाने ऐकत. बुवा खडकावर जायला निघाले की त्या दारातले शिंग थोडे कुरतडत आणि आपल्या कामाला लागत. त्यांच्याकडे बघायला कुणी येत नसे.

एके दिवशी डोंगरापलीकडे मोहाची फुले गळायला लागली. मोह फुलला म्हटल्यावर कोण थांबतो? वानर गेला, चितळे गेली, तित्तिरसुद्धा गेले. बुवा खडकावर आले तर समोर नुसता ओढा. त्यांनी जरा वाट पाहिली. मग शिंग तोंडात धरले, पण ते आज नेहमीपेक्षा कडक लागले आणि त्याला चवही नव्हती. चव त्याला आधीही नव्हती, पण ते आज कळले. बुवा लवकर घरी आले.

"आज अंग जरा कसंसंच आहे," ते म्हणाले. "उद्या दुप्पट करीन."

उद्या वारा फार होता. परवा खाणे उशिरा झाले. मग अमावास्या आली आणि बुवांनी ठरवले की आता पौर्णिमेपासूनच नीट सुरुवात करावी. पौर्णिमेला ते विसरले. खरे म्हणजे विसरले नव्हते, कारण त्या दिवसापासून त्यांनी ओढ्यावर जायची वाट बदलली. खडकावर पडलेले ते मोठे शिंग दिसले की त्यांना ओशाळल्यासारखे होई. म्हणून ते लांबच्या पाणवठ्यावर जाऊन पाणी पिऊन येत. लाजेपायी माणसेही असे वळसे घालतात, साळिंदराचे काय घेऊन बसलात?

चैत्रात मळ्यातली रताळी खणून नेली गेली. मळा मोकळा झाला. जंगलात आता उरली टणक मुळे आणि झाडांच्या साली. बुवांनी एका मुळाला तोंड लावले आणि त्यांना कळून चुकले की दात एकमेकांवर बसतच नाहीत. वरचे दात वळले होते, खालचा एक तिरका झाला होता. मूळ दातांत पकडताच येईना. त्यांनी हे साळूबाईंना सांगितले नाही. "भूक नाही गं," एवढेच म्हणत. त्यांची पाठ खंगली, काटे पूर्वीसारखे वाजेनासे झाले.

तशात चाराची फळे पिकली. साळूबाईंनी पहिल्या दिवशीच बिया वेचून आणल्या आणि बिळाबाहेर बुवांपुढे ठेवल्या. बुवांनी एक बी तोंडात घेतली, इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाले, "अजून कच्च्या आहेत. आतल्या कोपऱ्यात ठेवतो, मुरू देत." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.  पण मग बीळ साफ करताना साळूबाईंना कोपऱ्यातल्या पाचोळ्याखाली ढीगभर बिया सापडल्या. प्रत्येक बीवर दात घसरल्याचे ओरखडे होते आणि एकही फुटलेली नव्हती. साळूबाई त्या ढिगाजवळ बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना फार भीती वाटली. ज्याला खाता येत नाही ते जनावर जंगलात किती दिवस राहते, हे त्यांना माहीत होते.

बुवा आले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तोंड उघडा."

बुवांनी तोंड उघडले आणि मान खाली घातली. मग एकदम उसळून म्हणाले, "मी आत्ता जातो. आज ते शिंग संपवूनच येतो, बघ तू." आणि खरेच गेले. अंगात होते नव्हते ते सगळे बळ एकवटून त्यांनी सांबराच्या शिंगाचा चावा घेतला. तिरक्या दाताचा टवका उडाला आणि तोंडातून रक्त आले. बुवा परत येऊन बिळाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडले.

साळूबाईंनी एक मूळ चावून चावून अगदी मऊ केले आणि त्यांच्या तोंडाशी ठेवले. बुवांनी ते खाल्ले. थोड्या वेळाने ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "माझ्यात आधी केवढा जोर होता. आता तो कुठे गेला कळत नाही. तुझं बरं आहे. तुला ते शिंग चावायला आवडतं, म्हणून तुझं चालू राहतं."

"आवडतं?" साळूबाईंना खरोखरच नवल वाटले. "अहो, शिंगात आवडण्यासारखं काय आहे? मला तर एकाही दिवशी आवडलं नाही."

बुवा वळले. "मग तुला कंटाळा येत नाही?"

"येतो की. रोज येतो."

"मग काय करतेस?"

"काय करणार? कंटाळा येतो आणि मी चावते. दोन्ही एकदमच चालतं." आणि जरा थांबून त्या म्हणाल्या, "कंटाळा जाण्याची वाट बघत बसले असते, तर माझेही दात तुमच्यासारखेच झाले असते."

 बुवांना आजवर वाटत आले होते की जे नेम पाळतात त्यांच्या अंगात काहीतरी वेगळे असते. आपल्या बायकोलाही रोज कंटाळा येतो, हे त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाहेर निघताना ते चितळाचे शिंग पुन्हा त्यांच्या पायात आले. ते कुरकुरणार, तोच साळूबाई म्हणाल्या, "मी ते मुद्दाम तिथे ठेवते. बाहेर जाताना मी ते तोंडाने सरकवते. तोंडात आलंच आहे तर जरा चावायचं आणि मग जायचं."

बुवांनी शिंग धरले. दुखत होते. त्यांनी हळूहळू कुरतडले, आणि जरा रंगात येऊन जोर लावणार एवढ्यात साळूबाईंनी ते काढून घेतले.

"पुरे. उद्याला राहू द्या."

"एवढ्याने काय होणार?"

"आज काहीच होणार नाही," साळूबाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

आणि खरेच काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. बुवा रोज साळूबाईंनी चावून दिलेले खात आणि रोज शिंग थोडे कुरतडत. एकदा त्यांनी ते मागच्या पायाने हळूच बाजूला लोटून सटकायचा बेत केला. मागून साळूबाई नुसत्या खोकल्या. बुवा परत आले, शिंग जागेवर ठेवले आणि कुरतडायला बसले. कंटाळा आला की ते म्हणत, "अगं, आला बघ." साळूबाई म्हणत, "मलाही आलाय." आणि दोघे मिळून शिंगाची दोन टोके कुरतडत.

एक दिवस मोहाचा हंगाम संपवून वानर परतला. तो बिळावरच्या फांदीवर येऊन बसला आणि म्हणाला, "काय बुवा, ते मोठं शिंग खडकावर तसंच पडलंय. होऊ द्या पुन्हा एकदा जोरात. सगळ्यांना बोलावतो."

"नको रे," बुवा म्हणाले. "ते शिंग तुला बसायला घे. मी आपला इथेच चावतो."

वानराने थोडा वेळ पाहिले. कुर्र कुर्र, मग जरा थांबणे, पुन्हा कुर्र कुर्र. त्यात बघण्यासारखे काही नव्हते. वानराने मोठी जांभई दिली आणि तो निघून गेला. तो गेला हे बुवांना फांदी हलल्यावर कळले. त्यांनी वर पाहिले आणि पुन्हा शिंग तोंडात धरले.

मग एका संध्याकाळी साळूबाई चाराच्या झाडाखालून उरलीसुरली फळे वेचून आणत होत्या. हंगाम जवळजवळ संपला होता. त्या दारात पोहोचल्या आणि आतून कडकन आवाज आला. त्या जागच्या जागी थांबल्या. बुवा कोपऱ्यातल्या त्या ओरखड्यांच्या ढिगातली एक बी फोडून बाहेर येत होते. त्यांचे दात अजून थोडे वाकडे होते आणि एकाचा टवका उडालेला होता, पण बी फुटली होती. त्यांनी चारोळी साळूबाईंपुढे ठेवली.

साळूबाईंना ती चटकन खाता येईना. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांनी ती सावकाश चघळली.

"यंदा गोड आहे," त्या म्हणाल्या.

 आज चरायला जायचे राहिले होते आणि शिंग दारात आडवे पडले होते. बुवांनी ते उचलले, जरा कुरतडले, आणि मग दोघे बाहेर पडले.

तात्पर्य : सुरुवातीचा उत्साह आज ना उद्या जातोच, त्याच्या जाण्याने घाबरू नये आणि तो परत येण्याची वाटही पाहू नये, चांगली सवय रोज थोडी, कंटाळ्यासकट पाळली तरच ती आपल्याला सांभाळते.