राजाचा 'म्हणे'

एका राज्यात एक राजा होता, सुमेघ त्याचं नाव. राणी हेमप्रभा. राजाच्या खांद्यावर बोलकी साळुंकी. थोरामोठ्यांची सारी वचनं तिला मुखोद्गत. कोणी काही विचारलं की साळुंकी कानात वचन सांगे, राजा ते मोठ्यानं बोले आणि शेवटी 'म्हणे' जोडी. राणीनं हौसेनं रांधून वाढावं, "कसं झालंय?" विचारावं, तर स्वारीचं उत्तर, "भुकेला कोंडा, निजेला धोंडा, म्हणे." धन्य तो राजा!

एके दिवशी दरबारात मांत्रिक आला. त्यानं भर सभेत कोय पेरली, आंबा उगवला, मोहरला, फळला.

"कसं वाटलं, राजा?"

"दिसतं तसं नसतं, म्हणे."

"कोण म्हणे?"

"लोक."

"आणि तू?"

राजानं साळुंकीकडे पाहिलं. मांत्रिकाचे डोळे लाल झाले. "तर ऐक. तुझी राणी पाषाण होईल. तुझ्या स्वतःच्या बोलानं सुटेल, उसन्या बोलानं पाषाण चढेल. तिसऱ्यांदा उसनं बोललास, तर ती कायमची गेली."

तत्क्षणी, राजासाठी ताक घेऊन दरबारात आलेल्या राणीची पावलं दगडाची झाली.

राजा धावला. साळुंकीनं सुचवलं, तो बोलला, "गृहिणी तेच घर, म्हणे." पाषाण कमरेपर्यंत चढला.

राजानं मग शक्कल लढवली. 'म्हणे' गिळून टाकला. "राणी, तुझ्यावाचून हा महाल म्हणजे दिव्यावाचून देवघर."

"महाराज, हे गेल्या सणाला भाट म्हणाला होता," राणी बोलली, आणि पाषाण गळ्याला भिडला. तिची वाचा बंद झाली. डोळे तेवढे जिवंत राहिले.

"साळुंके, सांग काहीतरी!"

"महाराज, संसार तुम्ही केलात. मला यातलं काय ठाऊक?" साळुंकी खांद्यावरून उडाली.

राजा एकटा उरला. राणीच्या बाजूला तिनं त्याच्यासाठी आणलेली ताकाची वाटी तशीच होती. तो अडखळत म्हणाला, "तू ताकात आलं घालतेस. मला ते मुळीच आवडत नाही. तरी रोज पितो. वाटी देताना तू माझ्याकडे बघतेस, म्हणून पितो. तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर."

पाषाण खळकन गळून पडला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" राणीनं विचारलं.

"याला वचन सापडेना," राजा म्हणाला आणि रडला.

मग त्यानं साळुंकीला हात जोडले. "बाई, तू शब्द दिलेस म्हणून मला जीभ होती. आणि उडालीस म्हणून ती चालली. दोन्हींचे उपकार." त्यानं मांत्रिकाच्या झाडाचा आंबा तोडून खाल्ला. "आंबट आहे," म्हणाला. सभा 'म्हणे'ची वाट पाहत राहिली. तो आलाच नाही. मांत्रिक पोट धरून हसला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी राणीनं बिनआल्याचं ताक दिलं. राजानं घोट घेतला, वाटी खाली ठेवली.

"आलं कुठं गेलं?" तो म्हणाला.

राणीला जसा तिचा राजा भेटला, तसं ज्याचं माणूस त्याला भेटो.